चष्म्याचा नंबर घालवण्याआधी

लेझरने चष्म्याचा नंबर घालवण्याचा विषय घरात निघाला की तो डॉक्टरांच्या आधी नातेवाइकांकडे पोहोचतो. कुणाच्या आतेबहिणीने ऑपरेशन केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला अंथरुणातूनच भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसले. कुणाच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचे डोळे वर्ष उलटले तरी चुरचुरतात आणि ड्रॉप्सची बाटली खिशात असल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही. आणखी कुणाचा गेलेला नंबर काही वर्षांनी थोडा परत आला. या गोष्टी खोट्या नसतात, सांगणाऱ्यांना आपले भलेच हवे असते. तरीही एकीवरून 'करूनच टाकू' आणि दुसरीवरून 'नकोच ते' असे ठरवणे सारखेच चुकीचे आहे, कारण हे सगळे ज्या डोळ्यांत घडले ते डोळे तुमचे नव्हेत. या ऑपरेशनचा निकाल ज्या गोष्टींवर अवलंबून असतो, त्यांतल्या बहुतेक आधीपासूनच डोळ्यात ठरलेल्या असतात आणि त्या मोजता येतात. ऑपरेशन करायचे की नाही, हे त्या मोजमापांवर सोडावे. लोकांचे अनुभवही जरूर ऐकावेत, पण ते नंतरचे दिवस कसे जातात हे कळण्यासाठी.

डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाला वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम डोळ्याचा सगळ्यात पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, करतो. मध्यावर त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. मायनस नंबरच्या डोळ्यात प्रतिमा आतल्या पडद्याच्या अलीकडे पडते. कॉर्नियाचा मधला भाग थोडा चपटा केला की ती मागे सरकून पडद्यावर येते. त्यासाठी १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेझर वापरतात. हा किरण ऊतक जाळत नाही. तो रेणूंमधले बंध तोडतो आणि शेजारच्या भागाला धग लागू देत नाही. भारतात जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी जेम्स विन व सॅम्युएल ब्लम यांनी अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८१ साली हा गुण प्रथम दाखवला, तोही सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर. कॉर्नियावर त्याचा उपयोग होऊ शकेल, हे स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने १९८३ मध्ये मांडले. एका स्पंदात पाव मायक्रॉनच्या आसपास थर निघतो. यंत्र इतके बारीक काम करते म्हटल्यावर त्याच्या अचूकतेवर फारसा वाद घालण्याचे कारण नाही. खरा विचार करायचा तो या गोष्टीचा की कॉर्नियाच्या आतला जो भाग लेझरने काढला जातो, तो पुन्हा भरून येत नाही. आपल्याकडे खर्च करण्याजोगी शिल्लक किती आहे, हा पहिला प्रश्न.

हा हिशेब कुणालाही घरी बसून ढोबळपणे करता येतो, आणि तो करून पाहावाच. उपचार जेवढ्या भागावर होणार त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि तीनने भागा. एका नंबरमागे साधारण तेवढे मायक्रॉन खर्ची पडतात. साडेसहा मिलिमीटरच्या भागासाठी हा आकडा १४ च्या आसपास येतो. आता दोन मावसभाऊ समोर धरू. पहिल्याचा नंबर मायनस पाच आणि कॉर्नियाची जाडी ५४० मायक्रॉन. लॅसिकमध्ये वरचा पातळ थर कापून वहीचे पान उलटावे तसा बाजूला करतात, त्याला फ्लॅप म्हणतात. तो ११० मायक्रॉनचा धरला आणि लेझरने ७० मायक्रॉन काढले, तर खाली ३६० मायक्रॉनचा भक्कम भाग उरतो. दुसऱ्याचा नंबर मायनस आठ आणि जाडी ४९०. त्याचे ११० फ्लॅपमध्ये जातात, ११२ लेझरने, आणि उरतात २६८. किमान २५० मायक्रॉन उरले पाहिजेत असा जुना संकेत आहे, म्हणून कागदावर हा दुसराही पास होतो. पण अनेक सर्जन २८० किंवा ३०० च्या खाली जायला तयार नसतात. शिवाय दुसऱ्याच्या एकूण जाडीपैकी ४५ टक्क्यांना धक्का लागला, आणि हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेले की पुढे कॉर्निया कमकुवत होऊन फुगण्याची जोखीम वाढते असे मानले जाते. पहिल्या भावाने दुसऱ्याला मनापासून सांगितलेले 'मला काही त्रास नाही, तूही कर' हे वाक्य दुसऱ्याच्या डोळ्याबद्दल काहीच सांगत नाही.

जाडी पुरेशी असली म्हणजे झाले असेही नाही. कॉर्नियाचा आकार त्याहून महत्त्वाचा. केराटोकोनस नावाच्या आजारात कॉर्निया हळूहळू पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. सुरुवातीच्या टप्प्यात चष्म्याने चांगले दिसते, दुखत-खुपत काही नाही, त्यामुळे माणसाला त्याचा पत्ताही नसतो. अशा डोळ्यावर लेझर चालवला तर आजार झपाट्याने वाढू शकतो. मग सी-थ्री-आर नावाच्या उपचाराने तो थोपवणे, खास कडक लेन्स घालणे आणि क्वचित कॉर्नियाचे रोपण इथपर्यंत मजल जाते. सिलिंड्रिकल नंबर वारंवार बदलणे, डोळ्यांना ॲलर्जीची खाज असणे, डोळे चोळण्याची जुनी सवय, रक्ताच्या नात्यात कुणाला हा आजार असणे या खुणा डॉक्टरांना आपणहून सांगाव्यात. मळणीच्या धुळीत काम करणाऱ्यांना किंवा लहानपणापासून डोळे लाल होणाऱ्यांना चोळण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की विचारल्यावर ते 'नाही' म्हणतात. घरच्यांना विचारा, ते खरे सांगतील. पेंटाकॅमसारख्या यंत्राने कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा निघतो आणि लपलेला केराटोकोनस बहुधा मागच्या बाजूला आधी दिसतो. हा नकाशा खरा यावा म्हणून तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवाव्या लागतात: मऊ लेन्स साधारण एक ते दोन आठवडे, कडक लेन्स त्याहून बराच जास्त काळ. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. काल संध्याकाळी लेन्स काढून आज सकाळी तपासणीला गेलात, तर यंत्र लेन्सने दाबलेला आकार मोजेल.

यावर रास्त आक्षेप असा की चांगल्या हॉस्पिटलात हे सगळे तपासूनच ऑपरेशन करतात, मग पेशंटने हे आकडे शिकायचे कशाला? बहुतेक ठिकाणी नीट तपासतात हे खरे. अडचण तिथे येते जिथे डॉक्टर नकार देतात. पेशंट हिरमुसतो, दुसरीकडे जातो, तिथेही नकार मिळाला तर तिसरीकडे, आणि कुठेतरी होकार मिळाला की 'शेवटी चांगला डॉक्टर भेटला' असे म्हणतो. हे थांबले पाहिजे. नकार देणाऱ्या सर्जनने एक ऑपरेशन सोडून तुमचा डोळा सांभाळलेला असतो. दुसरे मत जरूर घ्यावे, पण पहिल्या नकाराचे कारण आणि रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरांपुढे ठेवून घ्यावे. काही शंका तर अगदी साध्या आहेत. वय अठराच्या पुढे आहे का? गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्याहून जास्त बदलला आहे का? गर्भारपण किंवा बाळाला अंगावर पाजणे चालू आहे का? तसे असेल तर थांबावे, कारण त्या काळात नंबर आणि डोळ्यांतला ओलावा दोन्ही बदलतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, संधिवातासारखा आजार असेल किंवा साखर ताब्यात नसेल, तर तेही सांगावे. 'डोळ्याशी याचा काय संबंध' म्हणून लोकांकडून नेमके हेच सांगायचे राहते.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जगभरच्या संशोधनाच्या एका आढाव्यात लॅसिक केलेल्यांपैकी ९५.४ टक्के लोक समाधानी आढळले. शंभरातले पंचाण्णव खूश असतील तर एवढी चिकित्सा कशाला? या आकड्यावर माझा विश्वास आहे, पण समाधान आणि त्रास नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, तिथल्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने आणि संरक्षण खात्याने मिळून प्रॉउल नावाचे दोन अभ्यास केले. त्यांत नौदलातले २६२ आणि ३१२ सामान्य नागरिक होते. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑपरेशनआधी ज्यांना दृष्टीची कोणतीही तक्रार नव्हती, त्यांच्यातल्या ४३ ते ४६ टक्के लोकांना तीन महिन्यांनी दिव्यांभोवती वलये, किरणे फुटणे, चमक किंवा दुहेरी प्रतिमा यांतले निदान एक लक्षण जाणवत होते. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी तीस टक्क्यांपर्यंत लोकांना तो जाणवू लागला. दुसरी बाजूही तितकीच खरी: लक्षणांमुळे रोजच्या कामात फार अडचण येणारे एक टक्क्याहून कमी होते, आणि आधी तक्रारी असलेल्या बऱ्याच जणांच्या तक्रारी नंतर गेल्या. आतेबहीण आनंदी आहे आणि सहकाऱ्याचे डोळे चुरचुरतात, ही दोन्ही वाक्ये एकाच आकडेवारीत बसतात. मात्र ज्याच्या वाट्याला तो एक टक्का येतो, त्याला टक्केवारीने दिलासा मिळत नाही. त्याची तक्रार 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे.

या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. तीच लक्षणे लोकांनी प्रश्नावलीत लिहिण्याचे प्रमाण, डॉक्टरांना तोंडाने सांगण्याच्या दुपटीहून जास्त होते. समोरचा माणूस एवढे कष्ट घेतो, नंबर तर गेलाच आहे, मग किरकोळ कुरबूर कशी करायची, असे लोकांना वाटत असावे. म्हणूनच ऑपरेशन झालेल्या ओळखीच्या माणसाचा अनुभव मोलाचा ठरतो, फक्त त्याला नीट विचारायला हवे. 'कसे झाले?' विचारले की 'मस्त' एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी विचारा: नंबर किती होता आणि वय किती होते, कोणत्या पद्धतीने केले, किती वर्षे झाली, आज ड्रॉप्स किती वेळा घालता, रात्री घाटात समोरून हेडलाइट आले की कसे दिसते, पुन्हा करायची वेळ आली तर कराल का. आणि त्या माणसाचे काम काय ते लक्षात घ्या. दिवसभर एसीत स्क्रीनसमोर बसणाऱ्याच्या पापण्या कमी मिटतात, म्हणून त्याला कोरडेपणा जास्त जाचतो. रात्रीची गाडी चालवणाऱ्याला वलयांचा त्रास होतो, घरून काम करणाऱ्याच्या ती लक्षातही येत नाहीत. कोरडेपणाचे कारण सरळ आहे: कॉर्नियात बारीक नसांचे जाळे असते, ऑपरेशनमध्ये त्यातल्या काही कापल्या जातात आणि पुन्हा वाढायला काही महिने घेतात, कधी वर्षही. ज्यांचे डोळे आधीपासून कोरडे आहेत त्यांनी आधी त्याचा उपचार घ्यावा आणि मगच तारीख ठरवावी.

पद्धतींच्या नावांनी फार गोंधळून जाऊ नये. लॅसिकमध्ये फ्लॅप असतो, म्हणून बरे होणे झटपट, पण तो फ्लॅप कडेला चिकटतो तरी पूर्वीइतका घट्ट कधीच होत नाही. ऑपरेशनला काही वर्षे होऊनही डोळ्याला जोराचा मार बसल्याने तो सरकल्याच्या नोंदी आहेत. कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्यांसाठी किंवा पोलीस, सैन्यदलाची स्वप्ने पाहणाऱ्यांसाठी हा मुद्दा गंभीर आहे. पीआरके किंवा ट्रान्स-पीआरकेमध्ये फ्लॅपच नसतो. वरची नाजूक त्वचा काढून लेझर देतात, त्यामुळे तीन-चार दिवस चांगलेच दुखते, नीट दिसायलाही आठवडे लागतात, पण कॉर्निया पातळ असलेल्यांना ती बरी पडते. स्माईलमध्ये छोट्या छेदातून आतली पातळ चकती काढून घेतात. नंबर फार मोठा असेल किंवा कॉर्निया पुरत नसेल, तर आयसीएल ही डोळ्यात बसवायची लेन्स हा पर्याय असतो. सगळ्यात नवे आणि सगळ्यात महाग तेच आपल्याला लागू, असा समज मात्र सोडून द्यावा. दोन सर्जन दोन वेगळ्या पद्धती सुचवत असतील तर 'माझ्या डोळ्याच्या कोणत्या आकड्यामुळे?' एवढा एक प्रश्न विचारावा.

'इतके सुरक्षित असेल तर डोळ्यांचे डॉक्टर स्वतः चष्मा का लावतात?' हा प्रश्न हमखास येतो. अनेक नेत्रतज्ज्ञांनी स्वतः हे ऑपरेशन करून घेतले आहे, पण ते चष्म्याशिवाय दिसतात म्हणून आपल्या लक्षात येत नाही. जे चष्मा लावतात त्यांतल्या पुष्कळांचे वय चाळिशीपुढचे असते, आणि त्या वयाचा जवळचा चष्मा कॉर्नियामुळे येत नाही. आतले नैसर्गिक भिंग ताठर होऊ लागल्याने तो लागतो. इथे मायनस नंबरवाल्यांनी एक हिशेब आधीच करावा. मायनस दोन-तीन नंबरचा पंचेचाळीस वर्षांचा माणूस चष्मा काढून पेपर वाचू शकतो. लेझरने लांबचा नंबर पुसला की ती सोय जाते आणि वाचायला चष्मा लागतो. पंचविशीत ऑपरेशन करणाऱ्याला पंधरा-वीस वर्षे चष्म्याविना मिळतात. चव्वेचाळीसाव्या वर्षी करणाऱ्याला एक चष्मा देऊन दुसरा घ्यावा लागू शकतो.

तारखेबद्दल थोडे परखडपणे लिहितो. आपल्याकडे मुलीला स्थळे पाहायला सुरुवात झाली की चष्मा घालवण्याची घाई सुरू होते, आणि ऑपरेशनची तारीख साखरपुड्यावरून मागे मोजून ठरते. डोळ्याला साखरपुडा कळत नाही. नंबर अजून बदलत असेल तर तो पुन्हा येईल, आणि दोष मुलीच्या नशिबाला दिला जाईल. चष्मा नको हे तिला स्वतःला वाटत असेल तर ते पुरेसे कारण आहे. दुसऱ्या कुणाला नको असेल, तर ते ऑपरेशनचे कारण होऊ शकत नाही. भरतीसाठी करणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी. प्रत्येक दलाचे आणि प्रत्येक पदाचे वैद्यकीय निकष निराळे असतात. ऑपरेशनच्या वेळचे वय, नंतर गेलेले महिने, उरलेली कॉर्नियाची जाडी आणि डोळ्याची लांबी यांवरही अटी असतात, काही पदांसाठी तर ऑपरेशन मुळीच चालत नाही. त्या पदाची अलीकडची अधिसूचना स्वतः वाचल्याशिवाय टेबलावर झोपू नये.

प्रत्यक्ष ऑपरेशनची भीती मात्र जास्त बाळगली जाते. इंजेक्शन नसते, ड्रॉप्सने डोळा बधिर करतात. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून एक चिमटा लावतात. लॅसिकमध्ये फ्लॅप करताना एक कडे डोळ्यावर बसवून तो धरून ठेवतात, तेव्हा दाब जाणवतो आणि काही क्षण समोर अंधारून येते. हे आधी माहीत असले तर माणूस दचकत नाही. मग लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहत राहायचे. डोळा किंचित हलला तरी यंत्र त्याचा माग ठेवते, जास्त हलला तर लेझर थांबतो. जळल्यासारखा वास येतो, पण तो जळण्याचा नव्हे, सुटलेल्या सूक्ष्म कणांचा असतो. एका डोळ्याला काही मिनिटेच लागतात. लॅसिकनंतर चार-सहा तास डोळे झोंबतात, पाणी येते, उजेड सहन होत नाही, तेवढा वेळ झोपून काढावा. घरी परतताना सोबत कुणीतरी हवेच. पहिला आठवडा रात्री डोळ्यांवर प्लास्टिकची ढाल, डोक्यावरून आंघोळ नाही, काजळ नाही आणि काही झाले तरी चोळणे नाही. पोहणे काही आठवडे बंद. गणपती विसर्जनाचा गुलाल किंवा होळीचे रंग जवळ आले असतील तर ऑपरेशन सणानंतर करावे. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले किंवा दिसणे अंधूक होत गेले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

नंबर गेला म्हणजे डोळा मायनसचा राहिला नाही, असे समजणे धोक्याचे आहे. मोठ्या मायनस नंबरचा डोळा मुळात लांब वाढलेला असतो आणि त्यामुळे ताणलेला आतला पडदा लेझरनंतरही तसाच ताणलेला राहतो. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके किंवा जाळे, वीज चमकल्यासारखा भास, एका बाजूने सावली सरकल्यासारखे वाटणे, यांतले काहीही झाले तर पडद्याची तपासणी तातडीने हवी. एरवीही बाहुली मोठी करून होणारी पडद्याची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करत राहावी. काचबिंदूच्या तपासणीत डोळ्याचा दाब मोजतात. पातळ झालेल्या कॉर्नियावर तो खऱ्याहून कमी दिसतो, म्हणून लेझर झाल्याचे दरवेळी आपणहून सांगावे. साठीत मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढला जातो. नेहमीची सूत्रे बदललेल्या कॉर्नियाला चुकतात आणि त्या वेळी ऑपरेशनपूर्वीचे आकडे सर्जनच्या फार कामी येतात. हॉस्पिटल तीस-पस्तीस वर्षे कागद सांभाळेलच असे नाही. म्हणून जुना नंबर, पेंटाकॅमचे नकाशे, कॉर्नियाची आधीची जाडी, किती मायक्रॉन काढले आणि ऑपरेशननंतर स्थिरावलेला नंबर, एवढे डिस्चार्जच्याच दिवशी आणि पुढच्या भेटीत मागून घ्यावे. त्यांचे फोटो काढून स्वतःला ईमेल करावे आणि मूळ प्रती घरात जन्मदाखल्यांच्या फाईलमध्ये लावाव्यात.